पाणीपट्टी : दराचा प्रश्न आणि हिशेबाचा प्रश्न

पाणीपट्टी वाढली की मोर्चा काढावयाचा आणि निवडणूक जवळ आली की ती कमी करण्याचे आश्वासन द्यावयाचे, एवढ्यावर महाराष्ट्रातील शहरांचे पाण्याचे राजकारण येऊन थांबले आहे. मोर्चे आवश्यकच असतात. परंतु मोर्चामागे विचार नसेल तर त्याचा लाभ ज्यांच्यासाठी तो काढला त्यांच्या पदरात पडतोच असे नाही. म्हणून या प्रश्नाकडे समाजवादी कार्यकर्त्याने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नदीतील पाणी निसर्गाचे असले तरी नळातील पाणी श्रमाचे असते. ते उपसावे लागते, शुद्ध करावे लागते, मैलोन्‌मैल वाहून आणावे लागते, आणि वापरून झाल्यावर मलवाहिन्यांतून नेऊन पुन्हा स्वच्छ करावे लागते. विजेचे बिल, तुरटी, क्लोरीन, कामगारांचे वेतन, जलवाहिन्यांची दुरुस्ती यांपैकी काहीच फुकट होत नाही. दर वाढवू नका म्हटल्याने हा खर्च नाहीसा होत नाही. तो कोठेतरी, कोणाच्या तरी अंगावर पडतो. तेव्हा खरा प्रश्न असा की तो कोणी द्यावयाचा, कोणत्या मापाने द्यावयाचा आणि दिलेल्या पैशाचा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चुकली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहरी बांधून ज्या नगराला पाणी पुरविले, त्या नगराला आज पैठणच्या जायकवाडी जलाशयातून पाणी येते. जलाशय जेमतेम पन्नास किलोमीटरवर. पण जुन्या जलवाहिन्यांची क्षमता वाढत्या वस्तीपुढे केव्हाच अपुरी पडली. त्यावर उपाय म्हणून खाजगी भागीदारीतील समांतर जलवाहिनी योजना पुढे आली. २०११ मध्ये करार झाला. २०१४ च्या सप्टेंबरात पाणीपुरवठा कंपनीच्या हाती गेला. आणि २०१६ मध्ये, जलवाहिनी झालेली नसतानाच, महापालिकेने करार रद्द केला. या योजनेच्या निमित्ताने पाणीपट्टी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढविण्याचे धोरण मात्र आधीच स्वीकारले गेले होते. दहा टक्क्यांची चक्रवाढ म्हणजे सात-आठ वर्षांत दुप्पट. कंपनी गेली, वाढलेली पट्टी राहिली. घरगुती नळजोडणीमागे ती वर्षाला ४,०५० रुपयांवर जाऊन पोहोचली. पाणी मात्र चार-पाच दिवसांनी एकदा, आणि उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येत राहिले.

येथे थोडे गणित करू. ४,०५० रुपयांची पट्टी म्हणजे दिवसाला अकरा रुपये, ऐकावयास किरकोळ. परंतु पाचव्या दिवशी पाणी येत असेल तर वर्षात त्र्याहत्तर वेळा नळ वाहणार, म्हणजे नळ उघडण्याच्या प्रत्येक दिवसाचे मोल पंचावन्न रुपये झाले. ही पट्टी मापाने नव्हती. ती जोडणीमागे ठोक होती. दोन खोल्यांत राहणारे, दरमहा आठ हजारांवर गुजराण करणारे कुटुंब घ्या. त्याच्या वार्षिक उत्पन्नातील चार टक्क्यांहून अधिक रक्कम या पट्टीत गेली. दरमहा लाख रुपये मिळवणाऱ्या बंगलेवाल्याची मात्र एक टक्क्याचा तिसरा हिस्सा गेली, आणि त्याच पैशात त्याने बागही भिजवली, गाडीही धुतली. अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशा कराला प्रतिगामी कर म्हणतात. सामान्य माणसाच्या भाषेत हा डोईपट्टीचाच प्रकार होय.

२०२२ च्या मे महिन्यात पाण्यासाठी तेथे मोठे मोर्चे निघाले आणि त्याच सुमारास पट्टी निम्म्यावर, म्हणजे २,०२५ रुपयांवर आणण्यात आली. जनतेच्या दबावाला यश आले, हे खरे. परंतु या यशाची वाटणी कशी झाली? बंगल्याला जितकी सूट मिळाली तितकीच दोन खोल्यांच्या घराला. ज्या वस्तीत महापालिकेची जलवाहिनीच पोहोचली नाही, जेथे लोक टँकरचे आणि ड्रमचे पाणी विकत घेतात, त्यांच्या वाट्याला काहीच आले नाही. पट्टीचा आकडा बदलला, तिचा आकार तोच राहिला. आणि उत्पन्न निम्मे झाल्यावर दुरुस्तीचा पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या आनंदात कोणी मागितले नाही.

यावर नव्या धाटणीचे अर्थपंडित सांगतील की पाण्याचा संपूर्ण खर्च वापरणाऱ्याकडूनच वसूल करावा. हा युक्तिवाद दिसतो तितका सरळ नाही. शुद्ध पाणी आणि वाहती गटारे यांचा लाभ एकट्या नळधारकाला होत नसतो. एका वस्तीत कावीळ वा पटकी पसरली नाही, याचा लाभ साऱ्या नगराला होतो. जलवाहिनी आल्याने जमिनीच्या किमती वाढतात त्याचा लाभ जमीनमालकाला होतो. ज्या खर्चाचा लाभ सार्वजनिक आहे त्याचा भार मालमत्ता कर आणि शासकीय अनुदान यांनी उचलावा, हेच न्यायाचे. उरलेला भार वापराच्या मापाने, चढत्या दराने असावा. दिल्लीत २०१५ पासून मीटर असलेल्या घराला महिन्याला वीस हजार लिटर पाणी विनामूल्य देण्यात आले. मुंबईत माणशी दररोज १५० लिटरच्या पुढे दर चढत जातो. पण तेथील मलनिःसारण आकार हा पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के ठरलेला. म्हणजे पाण्याचा दर वाढला की गटाराचा दर आपोआप वाढतो, त्या खात्यात किती खर्च झाला याचा वेगळा विचार न करता. शिवाय मीटरचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की जेथे पाणी अधूनमधून येते तेथे नळातून आधी हवा येते, आणि मीटर हवेवरही फिरतो. नियमित पुरवठा आधी, मीटर नंतर, हाच क्रम न्याय्य ठरेल.

आता हिशेबाकडे वळू. महापालिकांचे स्वतःचे मोठे उत्पन्न जकातीचे होते. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली. आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकातही गेली. तेव्हापासून महापालिका राज्य शासनाच्या भरपाईकडे डोळे लावून बसल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या नव्या पाणी योजनेची किंमत १,६८० कोटींवरून सुमारे २,७४० कोटींवर गेली आणि तीत महापालिकेचा वाटा तीस टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ८२२ कोटींचा झाला. ज्या संस्थेचे उत्पन्नाचे साधन काढून घेतले तिच्यावर हा भार टाकला तर तो कर्जावाचून उभा राहणार नाही, आणि कर्जाची परतफेड शेवटी नळाच्याच वाटेने होईल, हे सांगावयास भविष्यवेत्ता लागत नाही.

त्याहून गंभीर बाब वेगळीच आहे. या महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली आणि पुढची निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधल्या जवळजवळ सहा वर्षांत दर, निविदा आणि अंदाजपत्रक हे सारे प्रशासकाच्या सहीने ठरले. मुंबईतही २०२२ च्या मार्चपासून हीच स्थिती होती. २०२५-२६ चे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक, ज्यात ४३ हजार कोटींहून अधिक भांडवली खर्च होता, एकही निर्वाचित नगरसेवक नसताना मंजूर झाले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये नगरसत्तेला घटनात्मक स्थान दिले, डॉ. लोहियांनी त्याच्या कितीतरी आधी चौखंबा राज्याची कल्पना मांडली होती. घटनेचा तो खांब सहा वर्षे कागदावर उभा होता. कर द्यावयाचा आणि त्याबद्दल प्रश्न विचारण्यास सभागृहच नाही, ही स्थिती लोकशाहीत सुसह्य मानली गेली, याचे दुःख अधिक आहे.

आता सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली आहेत. तेव्हा कार्यकर्त्यांनी चार मागण्या निश्चितपणे पुढे ठेवाव्यात. पाणी आणि मलनिःसारण यांचा हिशेब सर्वसाधारण हिशेबाहून वेगळा ठेवून तो दरवर्षी प्रभागवार प्रसिद्ध करावा. प्रत्येक कुटुंबाला, त्याचे घर अधिकृत असो वा नसो, जगण्यापुरते पाणी नाममात्र दराने मिळावे आणि त्यापुढे दर चढता असावा. गळती आणि चोरजोडण्या किती कमी केल्या, हे सभागृहापुढे सिद्ध झाल्याखेरीज दरवाढीचा प्रस्ताव येऊ नये. आणि पुढील अनेक वर्षांची दरवाढ आजच बांधून टाकणारे कोणतेही धोरण वा करार मान्य होऊ नये. प्रत्येक वाढीवर त्या त्या वर्षी निर्वाचित सभागृहात मतदान व्हावे.

मृणालताई गोरे यांना गोरेगावच्या जनतेने ‘पाणीवाली बाई’ ही पदवी दिली. त्यांनी हंडा मोर्चे काढले आणि १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेल्यावर सभागृहातही तोच प्रश्न लावून धरला. रस्त्यावरचा आवाज आणि सभागृहातला प्रश्न ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरीही १९२७ मध्ये बाबासाहेबांना तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले. ठराव आणि पाणी यांतील हे अंतर जागरूक नागरिकच तोडू शकतात. आपल्या गावचे अंदाजपत्रक मिळवा, त्यातील पाणीपुरवठ्याचे पान काढा, चार वस्त्यांत ते मोठ्याने वाचून दाखवा. पुढचा मोर्चा त्या वाचनातून निघू द्या.