पाहिलेले आणि ऐकलेले

करवीर तालुक्यात आमच्यासारखेच वधूवर सूचक केंद्र चालविणाऱ्या एका व्यवसायबंधूंनी मध्यंतरी एका मुलाचे परिचयपत्रक आमच्या टेबलावर आणून ठेवले. पत्रक देखणे होते. माथ्यावर गणपती, त्याखाली जन्मवेळ, रास, नाडी, गण, देवक, मामाचे गाव, आणि 'शेती' या सदरासमोर ठळक अक्षरांत 'चार एकर बागायत'. त्याच गटाचा सातबाराही त्यांनी सोबत आणला होता. क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, म्हणजे खरोखरच चार एकर होते आणि पिकाच्या नोंदीत ऊसही होता. परंतु भोगवटादाराच्या रकान्यात पाच सामाईक नावे होती आणि इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा चढलेला होता. पत्रकातील एकही अक्षर खोटे नव्हते, आणि तरीही ते पत्रक खोटे होते. "मग मुलीकडच्यांना तुम्ही काय सांगितलंत?" असे आम्ही विचारले, तेव्हा ते किंचित हसून म्हणाले, "साहेब, त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

हा संवाद येथे देण्याचे कारण असे की, विवाहसंकेतस्थळांवरील बनावट स्थळांविषयी लिहावे अशी सूचना अनेक वाचकांनी केली, आणि त्या सूचनेमागे, ही फसवणूक मुंबई-पुण्याकडची, मोबाइलवरची, वही आणि फोटो घेऊन बसणाऱ्या आपल्यासारख्यांचा तिच्याशी संबंध काय, असा एक सुखद समज असल्याचे आम्हांस जाणवले. तो समज घालविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

हजार खोटे बोलावे पण एक लग्न जुळवावे, अशा अर्थाची म्हण निपाणी-संकेश्वर ओलांडून गेले की कन्नडमध्ये सर्रास ऐकू येते, आणि इकडच्या मराठी मध्यस्थालाही तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वय एखाद्या वर्षाने उतरवावे, पगारात ओव्हरटाइम मिळवून सांगावा, मोडलेल्या साखरपुड्याचा उल्लेख टाळावा, हे सारे सोयरीक जुळविण्याच्या कलेतले वंगण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खपत आले. ते खपले याचे कारण मध्यस्थ सज्जन होते हे नव्हे, तर त्या खोट्याला वेशी होत्या हे होय. मुलीचा मामा आठवडी बाजाराला जाई, मुलाच्या गावच्या पाव्हण्याशी चहाच्या दुकानात बसे, आणि चार एकरांतले वाटेकरी किती याचा उलगडा संध्याकाळच्या एस.टी.ने घरी पोहोचे. शिवाय खोटे बोलणाऱ्यालाही त्याच पंचक्रोशीत पुढची दहा लग्ने जुळवायची असत. चौकशी ही त्या काळी कोणाची सेवा नव्हती. ती समाजाच्या वहिवाटीतच अंतर्भूत होती, आणि म्हणूनच तिचे मोल आपल्या ध्यानी आले नाही.

संकेतस्थळाने पसंतीचा परीघ तालुक्यापासून जगापर्यंत वाढविला, ही गोष्ट निःसंशय उपकारक आहे. परंतु परीघ वाढला तेव्हा मामा मागे राहिला. आज परदेशस्थ डॉक्टर किंवा जहाजावरील अभियंता म्हणून जे स्थळ समोर येते, त्याचे छायाचित्र भलत्याच कोणाच्या समाजमाध्यमावरून उचललेले असते. ओळख होताच संभाषण संकेतस्थळावरून व्हॉट्सॲपवर नेले जाते, दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ विचारपूस होते, समोरासमोर बोलण्याची वेळ आली की नेटवर्क नाहीतर ड्यूटी आडवी येते, आणि मग एके दिवशी दागिने व परकीय चलन घातलेले भेटवस्तूचे पार्सल निघाल्याची वार्ता येते. पाठोपाठ विमानतळावरील कस्टम्स अधिकारी म्हणविणाऱ्या इसमाचा फोन येतो. प्रथम शुल्क, मग दंड, मग कसले तरी प्रमाणपत्र, अशा चढत्या रकमा मागितल्या जातात आणि त्या तिऱ्हाइताच्या नावे काढलेल्या बँकखात्यात जाऊन तेथून त्याच दिवशी पांगतात. या जाळ्यात सापडणारी व्यक्ती पुष्कळदा चाळिशीच्या आसपासची विधवा किंवा घटस्फोटिता असते. तिला बुद्धी कमी असते म्हणून असे घडत नाही. दुसऱ्या लग्नाचा विषय तिने घरातही काढलेला नसतो, आणि तिच्या वतीने चौकशीला जाणारे माणूसच उरलेले नसते.

फसविणारा नेहमी परदेशचाच असतो असेही नाही. जुलै २०२४ मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांनी नालासोपाऱ्यातील एका महिलेच्या फिर्यादीवरून कल्याण येथील एका इसमास अटक केली. विवाहसंकेतस्थळांवर घटस्फोटित व विधवा स्त्रिया हेरून, त्यांच्याशी लग्न करून किंवा लग्नाची बतावणी करून त्याने २०१५ पासून वीसहून अधिक जणींना लुबाडले, असे पोलिसांचे म्हणणे होते. हा इसम पडद्याआडचा नव्हता. तो प्रत्यक्ष भेटत होता, लग्नास उभा राहत होता. त्याच्या पूर्वायुष्याची शहानिशा करणे मात्र कोणाचेच काम नव्हते.

कायद्याने काही केलेच नाही असे म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाहसंकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत नाव नोंदविणाऱ्याच्या ओळखीची पडताळणी, तक्रार निवारण अधिकाऱ्याची नेमणूक, खाते बंद झाल्यानंतरही वर्षभर त्याच्या आयपी पत्त्याचे जतन, आणि हे संकेतस्थळ केवळ विवाहासाठी आहे असा स्पष्ट खुलासा, या गोष्टी सांगितल्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ ड अन्वये संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १२ नुसार महत्त्वाच्या बाबतीत कपट करून मिळविलेली संमती विवाह रद्द करण्यास पुरेशी ठरू शकते. मात्र कपट उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे आपल्यापैकी किती जण पक्षकारांस सांगतात? या सर्व तरतुदी घाव बसल्यानंतरच्या मलमपट्टीच्या आहेत. मोबाइल क्रमांकावर आलेला सहा अंकी आकडा जुळला म्हणजे माणूस पडताळला गेला, असे जो समजेल त्याला कोणतेही कलम वाचवू शकणार नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहता या फसवणुकीच्या मुळाशी आणखी एक वेदना आहे. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, आणि सधन, सुशिक्षित, शाहू महाराजांचे नाव सांगणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडण्याचा उपक्रम येथूनच सुरू झाला. पण तोवर व्हायचा तो घात होऊन गेला होता. त्या गणनेतली मुले आज तिशीच्या उंबरठ्यावर उभी आहेत, आणि आपल्या वह्यांत मुलांची पाने भरभरून आणि मुलींची विरळ का, याचे एक उत्तर त्या आकड्यात आहे. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये बाशिंगे बांधलेल्या तरुणांनी घोड्यांवरून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची गंमत केली; आपल्याला त्यात गंमत वाटण्याचे कारण नव्हते. या टंचाईवरच बनावट वधूंच्या टोळ्या पोसल्या जात आहेत. दूरच्या जिल्ह्यातील 'गरीब घरची मुलगी', सोबत भाडोत्री मावशी आणि काका, आधारकार्ड दुसऱ्याच नावाचे, देवळात उरकलेले लग्न, मध्यस्थाने रोख मोजून घेतलेले दोन-तीन लाख, आणि आठ-पंधरा दिवसांत दागिन्यांसह नवरी पसार. अशा फिर्यादींत 'मध्यस्थ' हा शब्द वारंवार येतो, आणि तो शब्द आपल्याही व्यवसायाचे नाव आहे.

म्हणून बोट दुसऱ्याकडे करण्यापूर्वी थोडे आपल्या दप्तरात डोकवावे. लग्न होऊन दोन वर्षे झालेल्या मुलींचे फोटो नोंदणीसाठी येणाऱ्यांस दाखविणारी केंद्रे आपल्यात नाहीत काय? "तुमच्यासाठी एक स्थळ आलंय, आधी नोंदणी फी भरा, मग नंबर देतो," हा फोन स्थळ हाती नसताना कोणी केलाच नाही काय? अमेरिकेत जोडीदार शोधून देणारे संकेतस्थळ चालविणाऱ्या मॅच या मोठ्या कंपनीवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये नेमक्या अशाच आरोपावरून दावा लावला होता. फसवेगिरीची म्हणून कंपनीनेच संशयित ठरविलेल्या खात्यांवरून आलेली पसंती दाखवून, ती पाहण्यासाठी लोकांना वर्गणी भरावयास लावले, असे कमिशनचे म्हणणे होते. कंपनीने २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर देऊन तो दावा मिटविला. यंत्र परदेशी असले तरी युक्ती आपल्या ओळखीची आहे.

उपाय सांगावयाचा तर तो साधा आहे, आणि त्यास फारसा खर्च नाही. प्रत्येक स्थळाच्या पत्रकावर, प्रत्येक बाबीसमोर, दोनपैकी एक शब्द लिहावा: 'पाहिले' किंवा 'ऐकले'. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत डोळ्यांखालून गेली असेल तर 'पाहिले'. मुलाच्या आत्याने सांगितले असेल तर 'ऐकले'. सातबारा पाहिला तर सामाईक नावांसह पाहिला असे लिहावे. नोकरी पाहिली म्हणजे वेतनपत्रक पाहिले की कचेरीत फोन केला, हेही लिहावे. विधुर वा विधवा असल्यास मृत्यूचा दाखला पाहावा. आणि सर्वांत आधी माणूस पाहावा. जो स्वतः केंद्रात येत नाही, घर दाखवीत नाही, गावातील दोन माणसांची नावे देत नाही, त्याचे स्थळ पुढे धाडू नये. पाहिलेल्या दस्तऐवजांच्या छायाप्रतींचे गठ्ठे मात्र साठवू नयेत. लोकांची खासगी माहिती ही आपल्याकडे ठेव आहे, माल नव्हे. एवढे केल्यावरही एखादे स्थळ फसवे निघेल. पण आपण काय पाहिले आणि काय केवळ ऐकले होते, हे त्या मुलीच्या बापास लेखी ठाऊक असेल, आणि उरलेली चौकशी त्याने कोठून सुरू करावी हेही त्यास कळेल. पैसे गेल्याची तक्रार घेऊन कोणी आलेच, तर 'लोक काय म्हणतील' हा विचार बाजूस ठेवून त्याच घटकेस त्याच्याकडून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करवून घ्यावा; रक्कम खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी ती गोठविता येणे तासांवर अवलंबून असते.

कोल्हापूरच्या गूळ बाजारात गुळाचा रवा न पाहता बोली लावणारा व्यापारी आढळणार नाही. त्याच व्यापाऱ्याला मुलीसाठी आलेले स्थळ एका फोटोवर पसंत करण्याची पाळी येत असेल, तर तो दोष त्याचा नसून, पाहण्याचे काम ज्यांनी करावयाचे त्या आपला आहे.

शेवटी एका कायद्याची आठवण. विवाहनोंदणीच्या प्रमाणपत्रावर ज्याचे नाव छापलेले असते, तो महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम १९९८ चा आहे. लोकांना त्यातली विवाहनोंदणी तेवढी माहीत आहे. परंतु त्याच्या नावात विवाह मंडळांचे विनियमन आधी येते आणि विवाहाची नोंदणी नंतर. आपल्या केंद्राची नोंदणी या कायद्याखाली झालेली नसेल, तर ती या महिन्यात करून घ्यावी, प्रमाणपत्र भिंतीवर लावावे, आणि वहीचे पहिले पान उघडून पहिल्या स्थळासमोर तो एक शब्द लिहावयास बसावे.