नावाची किंमत आणि निम्मं राज्य

१ जुलै २०२५ पासून अमेरिकेतली विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हा पैसा उभा करायला स्टेडियमची नावं विकण्याची घाई वाढली आहे, आणि घाईत दर चुकतात.

प्रेक्षक किती, टीव्हीवर पाटी किती वेळ दिसेल, यावरून आपण भाव काढतो. मात्र एकाच राज्यात दोन कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठं असली की एवढं पुरत नाही. एका गटाला आपलीशी वाटणारी पाटी दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपते, आणि हा दुसरा गटही पाटीवरच्या कंपनीचंच गिऱ्हाईक असतो.

केंटकीत लेक्झिंग्टनचं केंटकी विद्यापीठ आणि लुईव्हिल विद्यापीठ यांचं हाडवैर आहे. केंटकीच्या कॉमनवेल्थ स्टेडियमला २०१७ मध्ये क्रोगर या किराणा साखळीचं नाव लागलं: १२ वर्षं, वर्षाला साडेअठरा लाख डॉलर. क्रोगरची दुकानं लुईव्हिलमध्येही आहेत, आणि तिथे लुईव्हिलचा लाल रंग मिरवणारी माणसंच दूध-अंडी घ्यायला येतात. माझ्या मते क्रोगरला हे पेलण्याचं कारण किराणा हेच आहे. रोजचं जवळचं दुकान माणूस खेळापायी सहसा सोडत नाही. मोटारी किंवा विमा विकणाऱ्या कंपनीला मी हा धोका पत्करायला सांगणार नाही.

लुईव्हिलने २०२३ मध्ये वेगळा मार्ग घेतला. एल अँड एन फेडरल क्रेडिट युनियनशी २० वर्षांचा, ४ कोटी १३ लाख डॉलरचा करार केला. ही संस्था त्याच शहरातली आणि आपल्या पतसंस्थेप्रमाणे सभासदांच्या मालकीची. टूसॉनमध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठानेही २०२५ मध्ये शहरालगतच्याच कसीनो देल सोलला नाव दिलं: २० वर्षं, ६ कोटी डॉलर. खरेदीदाराची मुळं विद्यापीठाच्याच गावात असली की त्याच्या दारात विरोधी गटाची माणसं मुळातच कमी असतात.

सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे ते आयोवात. एम्स शहरात आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर मिडअमेरिकन एनर्जी या वीज कंपनीचं नाव आहे. हीच कंपनी प्रतिस्पर्धी आयोवा विद्यापीठाच्या आयोवा सिटीलाही वीज पुरवते, पण रागावून वीज कंपनी बदलता येत नाही. कंपनीने नाव फक्त मैदानाला घेतलं. स्टेडियमवर जॅक ट्राइसचंच नाव राहिलं. १९२३ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात झालेल्या दुखापतींनी मरण पावलेला हा विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. असं नाव कोणत्याही भावाला विकायचं नसतं, आणि हे नाव घ्यायला आलेल्या कंपनीला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगायला हवं.

याच राज्यातल्या मका उत्पादकांची संघटना मात्र कोणत्याही एका बाजूला गेली नाही. दोन्ही विद्यापीठांमधली वार्षिक चुरसच तिने २०११ मध्ये प्रायोजित केली आणि ‘आयोवा कॉर्न साय-हॉक’ हे नाव रूढ झालं. मक्याचे शेतकरी दोन्हीकडचे, मुलंही दोन्हीकडे शिकणारी.

राज्यभर धंदा असलेली कंपनी दारात आली, तर तिला स्टेडियम दाखवण्याआधी अशी चुरस दाखवा. आणि दर सांगण्यापूर्वी तिच्या शाखांची गाववार यादी मागून घ्या.