मुंगूस कुणाचे?

इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्द मराठी मुंगसावरून आला, असे म्हटले की आक्षेप येतातच. शेवटी ‘गूस’ असल्याने त्याचा संबंध हंसाशी जोडणारे आहेत. त्यांच्यासाठी एवढे पुरे की, इंग्रजीत त्याचे रूढ अनेकवचन ‘मंगूसेस’ होते. हंसाच्या शब्दासारखे ते ‘गीस’च्या वळणाने जात नाही. दुसरे म्हणतात, शब्द हिंदीतून गेला. पण हिंदीत या प्राण्याला नेवला म्हणतात, गुजरातीत नोळियो, बंगालीत नेउल किंवा बेजी. यांतली बहुतेक नावे संस्कृत ‘नकुल’ची लेकरे. त्यांतून ‘मंगूस’ निघणे शक्य नाही.

तिसरा आक्षेप तोलामोलाचा आहे. यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशात हा शब्द तेलुगू ठरवला. तेलुगूत ‘मुंगिस’ आहे, कन्नडमध्ये ‘मुंगुसि’, दोन्ही स्वरान्त. इंग्रजी उच्चार मात्र दीर्घ ‘ऊ’ घेऊन ‘स’वर थांबतो, अगदी आपल्या ‘मुंगूस’सारखा. शिवाय इंग्रजीत तो लवकर छापला गेला, तो जॉन फ्रायरच्या 1698 च्या प्रवासवर्णनात. हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मुंबई-सुरतेत राहिलेला, जुन्नरपर्यंत जाऊन आलेला. शब्द मराठीतून गेला, हे आजच्या अनेक इंग्रजी कोशकारांचे म्हणणे मला म्हणूनच पटते.

आता आपल्या माणसांशी वाद. ‘इंग्रजांना आम्ही अस्सल मराठी शब्द दिला’ हा अभिमान मला मान्य नाही. नकाशा पाहा: उत्तरेकडे नकुलाची वंशावळ, आणि कृष्णा-गोदेच्या दोन्ही काठांवर मुंगूस, मुंगुसि, मुंगिस. मूळ द्राविडी असावे, असेच यावरून दिसते. तूप कन्नडच्या ‘तुप्प’चे, अक्का-अण्णा दक्षिणेचे, म्हणून त्यांचे मराठीपण कुठे कमी झाले? बांधावरून मुंगूस सर्रकन गेले की पोरे त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. ते क्षणभर थांबते, मान वळवते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या केसांमुळे अंग राखी दिसते, डोळे तांबूस. ज्या भाषेत ही शपथ पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली, तिचाच तो शब्द.

आणि तो किती लांब गेला! आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसाचे शास्त्रीय नाव ‘मुंगोस मुंगो’. उसातले उंदीर मारण्यासाठी 1872 मध्ये भारतातली मुंगसे जमैकात नेली, तिथेही ती ‘मंगूस’च राहिली. जपानच्या आमामी बेटावर 1979 मध्ये विषारी सापांसाठी मुंगसे सोडली. त्यांनी दुर्मीळ ससेच फस्त करायला सुरुवात केली. मुंगसाला जपानी लोक ‘मंगूसु’ म्हणतात.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ही नोंद पूर्ण यावी: मूळ बहुधा द्राविडी, इंग्रजीत मराठीमार्गे. यातला पहिला भाग गाळला तर कन्नड-तेलुगूवर अन्याय होतो, दुसरा गाळला तर मराठीवर.