हिरडी ते टाळू

केशरोपणाच्या जाहिरातीत दोन फोटो असतात. डावीकडे टकलू आणि खिन्न, उजवीकडे केसाळ आणि प्रसन्न. मधल्या बारीक पांढऱ्या रेघेत तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं मुखकमल दडपलेलं असतं. कपाळ फुगलेलं, पापण्या मिटलेल्या. आधार कार्डावरचा फोटोही त्यापुढे देखणा!

‘ना वेदना, ना सूज, सोमवारी ऑफिसात हजर’ हे पैसे भरण्यापूर्वीचं शास्त्र. माझ्या एका मित्राने सूज पाहून घाबरून क्लिनिकला फोन केला तेव्हा उत्तरपक्ष ऐकू आला: ‘सूज सगळ्यांनाच येते, सर.’ अहो, सगळ्यांनाच येते, तर पावती फाडेपर्यंत ती कुठे गेली होती?

सुजेचा बिचारीचा यात काही दोष नाही. टाळू बधिर करायला आणि रक्तस्राव आवरायला सलाइन, लिग्नोकेन, ॲड्रेनालिन असं मिश्रण आत भरतात. ते पाणी जाणार कुठे? न्यूटनच्या आज्ञेत राहून खाली उतरतं. आधी कपाळ, मग पापण्या, कधी गालही पादाक्रांत. आठवडाभरात बहुधा ओसरतं. तोवर दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखं उताणं झोपायचं, खाली वाकायचं नाही, कपाळावर कापडात गुंडाळलेला बर्फ धरायचा. कपाळावर हं, नव्या रोपांवर नव्हे! स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरने दिल्या तरच, केमिस्टच्या मनाने नाही. सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण क्लिनिकच्या ‘काउन्सेलर’ला (विक्रेत्याचं हे सोवळ्यातलं नाव) ईएमआय आणि ‘आज बुक केलंत तर पीआरपी फ्री’ यातून उसंत मिळेल तेव्हा ना!

आणि सुरी कोणाच्या हाती? २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी बजावावं लागलं की, कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून केशरोपण शिकल्याचं धरता येणार नाही. लेखी! म्हणजे कोणीतरी धरत होतं. २०२५ मध्ये कानपुरात केशरोपणानंतर एका इंजिनिअरचा चेहरा सुजला आणि तो दगावला. पत्नीच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला तो दंतवैद्यावर. हिरडी आणि टाळू यांच्या मधोमध मेंदू नावाचा अवयव असतो. गिऱ्हाइकाने जाताना तो सोबत न्यावा.

कारण प्रत्येक सूज पाण्याची नसते. ताप, पू, वाढत जाणारा ठणका असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, म्हणजे खराखुरा डॉक्टर. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, तर व्हॉट्सॲपवर सेल्फी धाडत बसू नका, थेट जवळचं हॉस्पिटल. क्लिनिकच्या नंबरावरून दुसऱ्या दिवशी उत्तर येईलच: ‘गुड मॉर्निंग सर, मित्राला आणलंत तर दहा टक्के सूट!’