अंकामागचे कारण

वर्तमानपत्रातील सुडोकू पुढ्यात घेऊन बसलेला मुलगा पुष्कळदा एक सोपी वाट धरतो. एखाद्या घरात ४ येईल की ९, हे ठरेनासे झाले म्हणजे मनाला येईल तो अंक लिहून तो पुढे सरकतो. कोडे निम्मे सुटते न सुटते तोच एका ओळीत दोनदा ७ दिसू लागतो. मग खोडरबर हाती येते आणि कागद फाटेपर्यंत खोडाखोड चालते. या मुलाचे चुकले कोठे? केवळ अंक चुकला असे म्हणणे अपुरे आहे. हाती कारण नसताना त्याने अंक लिहिला, हीच त्याची खरी चूक होय.

या कोड्याची रचना अगदी साधी आहे. नऊ आडव्या ओळी व नऊ उभे स्तंभ मिळून ८१ घरे होतात आणि त्यांचेच नऊ-नऊ घरांचे नऊ चौकोन पडतात. प्रत्येक ओळीत, स्तंभात व चौकोनात १ ते ९ हे अंक एकेकदाच यावे लागतात. १९७९ मध्ये अमेरिकेत हे कोडे प्रथम छापले गेले. पुढे जपानमध्ये त्याला आजचे नाव मिळाले व तेथून ते जगभर पसरले. २००८ मध्ये त्याची जागतिक स्पर्धा गोव्यात भरली होती. चांगल्या सुडोकूला उत्तर एकच असते. म्हणूनच त्यातील प्रत्येक अंकाला तेथे असण्याचे कारण असते.

ते कारण शोधण्याच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी केवळ नीट पाहण्याची. वरच्या तीन चौकोनांपैकी पहिल्यात ५ हा अंक पहिल्या ओळीत आहे, दुसऱ्यात तो दुसऱ्या ओळीत आहे. तर तिसऱ्या चौकोनात तो तिसऱ्या ओळीतच आला पाहिजे. तेथील तीन घरांपैकी दोन आधीच भरलेली असतील, तर ५ ची जागा ठरली.

दुसऱ्या पायरीवर रिकाम्या घरांत शक्य असलेले अंक बारीक अक्षरांत टिपून ठेवावे लागतात. एका ओळीतील दोन घरांत ४ व ९ हे दोनच अंक शक्य असतील, तर कोणता कोठे हे कळले नाही तरी ते दोन्ही अंक त्या ओळीतील इतर घरांतून बाद होतात. अपुऱ्या माहितीतूनही पक्का निष्कर्ष निघू शकतो, हे येथे मुलाच्या ध्यानी येते.

त्याहून वरच्या पायरीवर दृष्टी दूरवर न्यावी लागते. समजा, दुसऱ्या ओळीत ७ ला तिसरा व आठवा असे दोनच स्तंभ मोकळे आहेत, आणि सहाव्या ओळीतही तेच दोन. एका ओळीतील ७ तिसऱ्या स्तंभात गेला, तर दुसरीतील आठव्यात जाणार. काहीही झाले तरी दोन्ही स्तंभांतील ७ या दोन ओळींतच येणार. म्हणून त्या स्तंभांतील अन्य घरांत ७ येणे शक्य नाही.

अशा युक्त्या पाठ करून भराभर कोडी सोडविणारी मुलेही आढळतात. परंतु 'असे का?' या प्रश्नावर ज्याला उत्तर देता येत नाही, त्याची स्थिती अंदाज करणाऱ्याहून फारशी निराळी नाही. म्हणून पहिली पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरीची घाई करू नये.

कोणी म्हणेल, अंदाज केल्यावाचून अवघड कोडी सुटायची कशी? येथे एक भेद जाणला पाहिजे. 'या घरात ४ मानला, तर पुढे एका ओळीत दोनदा ७ येतो. म्हणून येथे ४ नव्हे,' असे तपासून म्हणणे हा अंदाज नव्हे. भूमितीतील काही सिद्धता याच रीतीने होतात. मानलेली गोष्ट मानलेलीच आहे, याचे भान सुटणे मात्र घातक होय.

कोडे चुकले तर फार तर एक कागद वाया जाईल. पण वर्गात एखादी वस्तू हरवली असता 'त्यानेच घेतली असेल' असे म्हणून एखाद्या सोबत्याकडे बोट दाखविले जाते, तेव्हाही रिकाम्या घरात कारणावाचून अंक लिहिला जातो; आणि तो खोडून काढण्यास कोणतेही खोडरबर पुरत नाही. कारण सापडेपर्यंत घर रिकामे ठेवण्याचा धीर ज्याच्या अंगी आला, त्याला हे कोडे खरोखर सोडविता आले.