आठवणी पाठवा म्हणे!

मंडळी, गेल्या महिन्यात मोबाईलवर एक निरोप आला. जळगावातल्या एका शाळेच्या (नाव मुद्दाम लिहीत नाही) स्काऊट पथकाचा इतिहास तयार होतोय. माजी विद्यार्थ्यांनी शंभर शब्दांत 'सोनेरी आठवणी', गणवेशातला एक फोटो आणि यथाशक्ती देणगी पाठवावी. राष्ट्रपती पुरस्कारवाल्यांना पहिलं पान!

मला हे मुळीच पटलेलं नाही.

शंभर शब्दांत काय येणार? सरांनी शिस्त लावली, आज जो काही आहे तो स्काऊटमुळे... चाळीस जण हेच लिहून पाठवतील. याला निरोप समारंभातली भाषणं म्हणतात. मास्तरकीत मी ती ढिगानं ऐकली आहेत!

अहो, नेमकं विचारा ना. खरी कमाईला कोणाच्या दारी गेलात? काय काम केलंत? कार्डावर किती पैसे लिहून मिळाले? सायकल पुसून चार आणे मिळवणाऱ्या पोराची नोंद मला पदकांच्या यादीहून मोलाची वाटते. पाटणादेवीच्या कॅम्पला शिधा कोणी आणला? तंबू कोणी वाहिले? शाळेच्या शिपायाला यातलं मुख्याध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक असतं, पण त्याला कोण विचारतो!

आणि ज्याच्या घरी खाकी गणवेश शिवायला पैसे नव्हते, त्याचं काय? तो उसना घालून आला, की पथकात आलाच नाही? हा प्रश्न समितीला रुचणार नाही. म्हणूनच तो आधी विचारायला हवा. मुलींचंही तेच. भारत स्काऊट्स संघटना ७ नोव्हेंबर १९५० ला झाली, १९५१ साली गाईड्सही तीत आल्या. मग आपल्या शाळेत मुलींचं पथक कधी निघालं, कोणत्या बाईंनी चालवलं? निरोपात अवाक्षर नाही.

मी राहतो त्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा, पुढे एकूण बावीस झाले. त्यासाठी तो माणूस गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडला. 'दप्तरं पाठवून द्या' म्हणून घरी बसला असता तर काय हाती लागलं असतं?

'एवढा वेळ कुणाला आहे?' असं एकानं मला ऐकवलं. देणगीसाठी घरोघर जायला मात्र वेळ असतो! पन्नासच्या दशकातले स्काऊट आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. त्यांना मोबाईलवर लिहिता येत नाही, काहींना ऐकूही कमी येतं. वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं लागेल, आणि तेही यंदाच.

असो. नात्यातल्या मंडळींनो, कोणाच्या आजोबांच्या पेटीत पथकाची हजेरी, कॅम्पच्या खर्चाची वही, खरी कमाईचं कार्ड असं काही असेल तर रद्दीत घालू नका. मला कळवा. मी एस.टी.ने येईन, उतरवून घेईन आणि वही तुमच्याकडेच ठेवीन.