ब्रेकचे लायनर : कंपनीचे की बाजारचे?



चिखलणी आटोपली की ट्रॅक्टरचे दुखणे वर येते. अंजूरला एका शेतकऱ्याने मला बांधावरच गाठले. म्हणाले, "साहेब, ब्रेक लायनर संपलेत. कंपनीचे महाग पडतात. भिवंडीत त्याच मापाचे निम्म्या भावात मिळतात. कुठले घालू?"

मी विचारले, "ट्रॅक्टर शेतातच असतो का?"

"छे! भाताची ट्रॉली घेऊन माणकोली नाक्यापर्यंत जातो. वर घरची माणसे असतात."

मग उत्तर सोपे नाही. त्या रस्त्याला गोदामांचे ट्रक. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. सारा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ट्रॉलीवर माणसे बसवूच नका, हे आधी सांगतो.

बाजारचा सगळाच माल वाईट नसतो. ट्रॅक्टरचे कारखाने बरेचदा लायनर दुसऱ्या कारखान्याकडून घेतात. तो कारखाना स्वतःच्या नावानेही माल विकतो. तो बेलाशक घ्या. भीती आहे ती निनावी आणि नकली मालाची. असा माल थंड असताना धरतो. उतारावर सारखा ब्रेक दाबला की तापतो आणि पकड सोडतो.

घेताना पाकिटावर कारखान्याचे नाव-पत्ता, भाग क्रमांक व छापील किंमत पाहा. क्रमांक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेशी ताडा. पक्की पावती मागा. ती द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर दुकान बदला. तेलात बुडालेल्या ब्रेकला कोरड्या ब्रेकच्या चकत्या चालत नाहीत.

लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर ट्रॅक्टर एकीकडे ओढतो. कोरड्या ब्रेकवर तेल आले असेल, तर आधी गळके सील बदला. आतली धूळ फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसा. मुलांना दूर ठेवा.

नवे लायनर बसले की रिकामा ट्रॅक्टर मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक धरून पाहा. रस्त्यावर येण्याआधी ब्रेकची दोन्ही पेडले एकमेकांना जोडा. ट्रॉली त्यानंतर.